नोकरी गेल्यावर गृहकर्जाचा हप्ता: बँकेत कधी जायचं आणि नेमकं काय मागायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात फ्लॅट, शिल्लक मुद्दल ५० लाख, उरलेली मुदत २० वर्षं, व्याजदर फ्लोटिंग (बाजाराप्रमाणे बदलणारा) ८.५ टक्के, हप्ता ४३,३९१ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. नवऱ्याची आयटीतली नोकरी गेली. बायकोच्या हातात ३२,००० येतात, घरखर्च ४०,००० आहे. बचत ४ लाख, पीएफमध्ये ९ लाख, त्याच बँकेच्या क्रेडिट कार्डावर ३८,००० बाकी. अजून एकही हप्ता चुकलेला नाही. विचारलंय ते एवढंच: बँकेकडून सहा महिने हप्ता थांबवून घ्यावा का?

सुरुवातीलाच ते मागू नका. ते मागण्याआधी तीन गोष्टी करता येतात आणि त्यातल्या दोन तर बँकेच्या मेहेरबानीवर अवलंबून नाहीत.

सगळ्यात आधी हातातले पैसे किती महिने पुरतात ते मोजा. हप्ता आणि घरखर्च मिळून ८३,३९१, त्यातून ३२,००० वजा केले की महिन्याला ५१,३९१ ची तूट. कार्डाचे ३८,००० आजच भरून टाकायचे (का ते पुढे सांगतो), म्हणजे हातात ३,६२,००० उरतात. हे सात महिने पुरतील. आठव्या महिन्याची ५ तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्या तारखेपासून मागे मोजत घ्यायचे आहेत.

कार्ड आधी का? कार्डाचं व्याज महिन्याला ३ ते ३.७५ टक्के असतं हे एक कारण. दुसरं कारण बहुतेकांना माहीत नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बुडीत कर्जाची वर्गवारी खात्यानुसार होत नाही, कर्जदारानुसार होते. एकाच बँकेत तुमची दोन कर्जं असतील आणि त्यातलं एक थकून एनपीए (बँकेच्या हिशेबी बुडीत) झालं, तर नियमित हप्ते भरलेलं दुसरंही एनपीए धरलं जातं. अडतीस हजारांच्या कार्डामुळे पन्नास लाखांचं घर अडचणीत येऊ शकतं. कार्ड दुसऱ्या बँकेचं असतं तर हा धोका नसता, तरी व्याजापायी ते आधीच मिटवावं लागलं असतं.

आता दुसरी गोष्ट, व्याजदर. २०२५ या एका वर्षात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आला. तरीही तुमचा दर ८.५ टक्केच असेल तर कर्ज एमसीएलआरसारख्या जुन्या पद्धतीला जोडलेलं असेल, किंवा तुमचा स्प्रेड, म्हणजे रेपोवर बँक लावते ती वाढ, जास्त असेल. आपल्याच बँकेत दर बदलून घेण्याची सोय असते. त्याला कन्व्हर्जन किंवा स्विच म्हणतात, एकरकमी शुल्क लागतं, आणि सहसा उत्पन्नाचा पुरावा लागत नाही. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायला मात्र तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागतात, त्यामुळे ते दार सध्या बंद आहे. ७.५ टक्के दर मिळाला तर वीस वर्षांसाठी हप्ता ४०,२८० होतो, म्हणजे महिन्याला ३,१११ वाचतात.

इथे बरेच जण फसतात. दर कमी झाला की बँका आपोआप हप्ता कमी करत नाहीत. हप्ता तोच ठेवून मुदत घटवतात. नोकरी चालू असताना हे तुमच्या फायद्याचं असतं, आत्ता नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की व्याजदर बदलताना हप्ता बदलायचा, मुदत बदलायची की दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. तेव्हा कन्व्हर्जनच्या अर्जात स्पष्ट लिहा: "मुदत पूर्वीइतकीच ठेवून हप्ता कमी करावा." दर खाली आला म्हणून हप्ता कमी होणं ही कर्जाची पुनर्रचना नाही, सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींवर, तिचा डाग पडत नाही. रेपोला जोडलेल्या ज्या कर्जांचे दर आधीच उतरलेत त्यांनी खात्याचा उतारा काढून उरलेली मुदत बघावी. ती चार-पाच वर्षांनी घटलेली दिसली तर तेवढी ढील हप्त्यात मागून घेता येते.

तिसरी गोष्ट, घरखर्च. तो ४० वरून ३४ हजारांवर आणला आणि हप्ता ४०,२८० झाला तर तूट ४२,२८० उरते आणि ३,६२,००० साडेआठ महिने पुरतात. सवलतीसाठी बँकेकडे एक शब्दही न टाकता दीड महिना वाढला. या ३४ हजारांत आरोग्य विम्याचा हप्ता धरा. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो, आणि या काळात एक ऑपरेशन निघालं तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, फक्त अर्ज विमा कंपनीने ठरवलेल्या मुदतीत द्यावा लागतो.

आता मूळ प्रश्न, हप्ता थांबवण्याचा. मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये कोविडमुळे सरसकट हप्तेस्थगिती मिळाली होती, तेव्हापासून "मोरेटोरियम" हा शब्द घरोघरी झाला. ती सवलत त्या काळापुरती होती. आज असा हक्क कोणालाही नाही, बँक आपल्या मर्जीने देईल तेवढंच. आणि बँक हात आखडता घेते त्याला कारण आहे: अडचणीतल्या कर्जदाराला मुदतवाढ किंवा स्थगिती दिली की ती पुनर्रचना ठरते, आणि पुनर्रचना केलेलं खाते बँकेला सहसा लगेच एनपीएत दाखवावं लागतं. समोरचा अधिकारी निष्ठुर असतो असं नाही. तुमच्या अर्जाने त्याच्या आकड्यांना धक्का बसतो.

समजा दिली. तर किंमत काय? सहा महिने काहीच न भरता ८.५ टक्क्यांनी व्याज चढत गेलं की ५० लाखांचे ५२ लाख १६ हजार होतात. त्यानंतर तोच ४३,३९१ चा हप्ता भरत राहिलात तर कर्ज फिटायला २४० ऐवजी २७० हप्ते लागतात. सहा हप्ते थांबवल्याबद्दल तीस हप्ते जास्त, म्हणजे साधारण १३ लाख रुपये. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला बहुतेक भाग व्याजाचाच असतो, म्हणून हे असं होतं. तुमच्या ४३,३९१ पैकी आत्ता ३५,४१७ व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम आठ हजारांनी कमी होतं.

म्हणूनच "फक्त व्याज भरतो, मुद्दल थांबवा" ही लोकप्रिय मागणी नव्या कर्जाला फारशी उपयोगी पडत नाही. दर ७.५ झाल्यावर महिन्याचं व्याज ३१,२५० असेल. समजा सहा महिने दरमहा ३२,००० भरायची परवानगी मिळाली. महिन्याला ८,२८० वाचतील आणि पैसे साडेआठऐवजी पावणेदहा महिने पुरतील. सव्वा महिन्यासाठी पुनर्रचनेचा शिक्का घ्यायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. मला तो सौदा महाग वाटतो.

जुन्या कर्जाचं गणित मात्र अगदी उलटं आहे. हाच ४३,३९१ चा हप्ता, हाच ८.५ टक्के दर, पण पंधरा वर्षं फेडून मुद्दल २० लाखांवर आलेलं आणि ५६ हप्ते उरलेले असतील, तर महिन्याचं व्याज फक्त १४,१६७ असतं. फक्त व्याज भरलं तर महिन्याला २९,००० सुटतात. मुदत दहा वर्षं करून घेतली तर हप्ता २४,८०० च्या आसपास येतो. पन्नाशीत नोकरी गेलेल्यांनी हा पर्याय जरूर मागावा. निवृत्तीचं वय आणि बँकेची कमाल वयोमर्यादा आड येते का, एवढं पाहायचं. थोडक्यात, शेजाऱ्याला मिळालेली सवलत तुमच्या कामाची असेलच असं नाही. आधी कर्जाचं वय बघा.

तुमच्या बाबतीत पूर्ण स्थगिती मागायची झाली तर हातात तीन महिन्यांचे पैसे उरलेले असताना मागा, पैसे संपल्यावर नाही. आणि नोकरी लागली की चढलेले सव्वादोन लाख पहिल्या वर्षातच मुद्दलात भरून टाका. वैयक्तिक फ्लोटिंग कर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड नसतो. तसं केलं तर ते तीस जादा हप्ते जवळजवळ सगळे टळतात.

अर्ज कसा द्यायचा? काउंटरवर बोलून काही होत नाही, कारण गृहकर्जाचे निर्णय बहुतेक बँकांत शाखेत न होता कर्ज विभागाच्या केंद्रात होतात. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, तोच मजकूर ईमेलनेही पाठवा. मजकूर असा चालेल: "माझी नोकरी अमुक तारखेस संपुष्टात आली. आजपर्यंतचे सर्व हप्ते मुदतीत भरले आहेत. सहकर्जदाराचे उत्पन्न दरमहा ३२,००० रुपये चालू आहे. पुढील सहा महिने हप्त्यात सवलत मिळावी. त्या काळात दरमहा अमुक रक्कम भरण्याची माझी तयारी आहे." सोबत कामावरून कमी केल्याचं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बायकोच्या पगाराच्या पावत्या. "शक्य तेवढे भरू" असं मोघम लिहू नका. आकडा आणि तारीख असलेला अर्ज वरच्या टेबलावर जातो. आणखी एक: नोकरीत बदल झाल्यास कळवावं असं कलम कर्जाच्या करारात सहसा असतं, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

कमी केल्याचं पत्र जपून ठेवायचं अजून एक कारण. कर्ज घेताना बँकेने गळ्यात मारलेल्या विम्याची पॉलिसी काढून वाचा. काहींत नोकरी गेल्यास तीन हप्ते भरण्याचं संरक्षण असतं. पण राजीनामा दिलेला असेल, प्रोबेशन चालू असेल किंवा कामगिरी खराब म्हणून काढलं असेल, तर दावा सहसा नाकारतात. कंपन्या "राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगलं देऊ" म्हणतात तेव्हा हे संरक्षण हातचं जातं. सही करण्याआधी पॉलिसी बघा.

आता पैसे ठेवायचे कुठे? पहिली चूक अशी होते: कंपनीकडून एकरकमी रक्कम आली की माणूस घाबरून ती कर्जात भरतो. पाच लाख भरले म्हणून पुढचे दहा हप्ते माफ होत नाहीत. ती रक्कम मुद्दलातून वजा होते आणि पुढच्या ५ तारखेला हप्ता पुन्हा दारात उभा राहतो. आत गेलेले पैसे परतही मिळत नाहीत. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पैसे ठेवले तरी काढता येतात. पण खाते थकलं तर काढण्याची सोयही बंद होते, म्हणून तिथेसुद्धा सगळे पैसे ठेवू नका.

दुसरी चूक: बचत आणि कर्ज एकाच बँकेत. थकबाकी झाली तर बँक तुमच्या बचत खात्यातून किंवा मुदत ठेवीतून ती वळती करून घेऊ शकते, करारात तसा हक्क दिलेला असतो. घरखर्चाचे पैसे दुसऱ्या बँकेत ठेवा आणि हप्त्याच्या खात्यात हप्त्यापुरती रक्कम दोन दिवस आधी टाका. ५ तारखेला सकाळी टाकलेले पैसे कधी कधी उशिरा ठरतात. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅचची (खात्यातून हप्ता आपोआप कापून घेण्याच्या सोयीची) वसुली आठवड्याचे सातही दिवस चालते, त्यामुळे रविवार आहे म्हणून हप्ता थांबत नाही. परतलेल्या हप्त्यावर दोन्ही बँका शुल्क लावतात, वर १८ टक्के जीएसटी. आणि चेक परत जाण्याप्रमाणेच नॅच परत जाणं हाही २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

पीएफला शक्यतो शेवटी हात लावा. पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरवलेल्या चौकटीत नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता येते, उरलेले २५ टक्के बारा महिन्यांनी. पाच वर्षं सलग सेवा नसेल तर काढलेल्या रकमेवर कर बसू शकतो. आधीच्या कंपनीतला पीएफ वर्ग केलेला असेल तर ती सेवा यात धरली जाते. पण खरी गोम वेगळी आहे. पीएफमधल्या पैशावर कायद्याने कोणत्याही सावकाराला जप्ती आणता येत नाही. तोच पैसा काढून बचत खात्यात आला की हे कवच गेलं. म्हणून एकदम सहा लाख काढून ठेवण्यापेक्षा गरज पडेल तसं काढा.

तरीही एखादा हप्ता चुकलाच, तर तारखा तोंडपाठ हव्यात. ५ एप्रिलचा हप्ता राहिला तर ५ मे रोजी खाते एसएमए-१ मध्ये (एनपीएआधीची इशाऱ्याची पायरी) जातं, ४ जूनला एसएमए-२ मध्ये आणि ४ जुलैला एनपीए होतं. मोजणी नेहमी सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्यापासून होते आणि भरलेले पैसेही आधी त्याच हप्त्याला लागतात. म्हणजे ३ जुलैपर्यंत एप्रिलचा एक पूर्ण हप्ता भरला की सर्वांत जुनी थकबाकी ५ मेची होते आणि एनपीएची तारीख ३ ऑगस्टवर सरकते. ही कसरत काही महिने चालू शकते. सिबिलवर उशिराच्या नोंदी होतात, बँक किंवा वित्तक्षेत्रात नोकरी शोधत असाल तर त्या मुलाखतीआधी पाहिल्या जातात, पण घर सुरक्षित राहतं. अर्धा हप्ता भरून मात्र ही तारीख सरकत नाही.

एनपीएची रेघ ओलांडली की नियम बदलतात. मग एक-दोन हप्ते भरून खाते सुधारत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. चार हप्ते थकले असतील तर चारही, म्हणजे पावणेदोन लाख एकदम. हे पैसे नसतात म्हणून तर माणूस तिथे पोचलेला असतो. दंडाबाबत एक दिलासा आहे. २०२४ पासून बँकांना दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क लावता येतं आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात चढवलेलं दिसलं तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, गृहवित्त कंपनीविरुद्ध नॅशनल हाउसिंग बँकेकडे. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम.

एनपीएनंतर सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता तारण घरातून वसुली करू देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस येते, ६० दिवसांची. ती न घेता परत पाठवल्याने काही टळत नाही. त्या साठ दिवसांत लेखी म्हणणं मांडा, बँकेला १५ दिवसांत त्याचं उत्तर द्यावंच लागतं. नंतर ताबा, आणि सात दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या, ताबा सूचना छापून येते. त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात. लिलावाची जाहीर सूचना निघेपर्यंतच सगळी रक्कम भरून घर सोडवता येतं, त्यानंतर नाही. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ते स्पष्ट केलं. पतसंस्थेचं कर्ज असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि दोन्ही जामीनदारांच्या पगारापर्यंत हात पोचतो. तिथे जामीनदारांशी आधी बोला, नोटीस त्यांच्या ऑफिसात पोचल्यावर नको.

मधला एक मार्ग, घर भाड्याने देऊन स्वतः आई-वडिलांकडे किंवा लहान घरात राहायचं. पुण्या-मुंबईत भाड्यातून पूर्ण हप्ता निघत नाही, पण तूट बरीच बुजते. बँकेची संमती घ्या. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि ते ऑनलाइन होतं. सोसायटीला बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. वीस टक्के मागणाऱ्या कमिटीला हे शांतपणे दाखवा.

आणि विक्री. लाल पेनाने लिहिलेल्या तारखेच्या चार महिने आधी नोकरीचं काही ठरलेलं नसेल तर फ्लॅट बाजारात काढा, कारण कर्जावरचा फ्लॅट विकायला तीन-चार महिने सहज लागतात. ग्राहकाची बँक दोन कागद मागते: तुमच्या बँकेकडचं कर्जफेडीच्या रकमेचं पत्र आणि जमा असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी. दोन्ही मिळायला एकदोन आठवडे जातात, म्हणून जाहिरात देण्याच्या दिवशीच अर्ज करा. ग्राहकाच्या बँकेचा पहिला धनादेश थेट तुमच्या कर्ज खात्याच्या नावाने निघतो, उरलेली रक्कम तुम्हाला मिळते. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर ग्राहक १ टक्का टीडीएस कापेल, तो तुमच्या कराच्या हिशेबात वळता होतो. ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत विकलंत आणि जुन्या करप्रणालीत मुद्दलावर ८०सी ची वजावट घेतली असेल, तर ती सगळी त्या वर्षीच्या उत्पन्नात परत धरली जाते. कर्ज मिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तेव्हा कर्ज मिटल्याच्या पत्रावर तारीख घालून घ्यायला विसरू नका.